कच्चं लिंबू आणि रात्री नऊचा डाव

लहानपणी अंगणात लंगडीचा नाहीतर लपाछपीचा डाव अगदी रंगात आलेला असायचा आणि कुणाची तरी धाकटी बहीण फ्रॉकचं टोक चावत कडेला येऊन उभी राहायची. तिला घ्यायचं म्हटलं की मोठ्या मुली नाकं मुरडायच्या. मग एखादी शहाणी म्हणायची, "असू दे गं, कच्चं लिंबू आहे." झालं! पोरगी डावात यायची. ती बाद झाली तरी बाद धरायची नाही, तिच्यावर राज्य द्यायचं नाही, पळताना पडली तर थांबायचं. आणि पंधरा दिवसांत तीच पोरगी सगळ्यांना पळता भुई थोडी करायची. काही गावांत ह्याच गड्याला लिंबूटिंबू म्हणतात. नाव काहीही असो, नव्या गड्याला सामावून घ्यायची किती सोपी आणि शहाणी रीत होती ती!

आज हे सगळं आठवायला कारण झाले मोबाइलवरचे खेळ. थांबा, लगेच पान उलटू नका. "मुलं बिघडली, बाया फोनला चिकटल्या" असं रडगाणं मी गाणार नाही. मी स्वतः खेळते. आणि ह्या खेळापायी आमच्या घरात जे घडलं त्यात माझीही चूक होती, म्हणूनच आज लिहायला बसले आहे.

२०२० ची टाळेबंदी आठवते ना? शाळा बंद, बाजार बंद, माहेर-सासर सगळं बंद. आमचं मानोरा तसंही शांत गाव. त्या दिवसांत तर पाचनंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. माझी एक नणंद अकोल्याला, दुसरी पिंपरीला, आणि इथे मी व सासूबाई. पिंपरीच्या नणंदेनेच एके दिवशी फोनवर लुडो किंग घ्यायला लावलं. हा खेळ आपल्या नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने २०१६ साली काढलेला, आणि टाळेबंदीत तर तो घराघरांत पोचला. एकीने खेळात आपली 'खोली' उघडायची, त्या खोलीचा जो क्रमांक येईल तो बाकीच्यांना पाठवायचा, तो टाकला की सगळ्या एकाच पटावर! खेळता खेळता बोलताही येतं. जेवणं आटोपून, भांडी पालथी घालून, बरोब्बर नऊ वाजता आम्ही चौघी चार गावांतून बसल्यासारख्या बसायचो. दोघी एकाच घरात होतो म्हणा, पण सासूबाईंना त्यांचा वेगळा फोन लागायचा!

सासूबाईंना तर दोन दिवसांत हातोटी आली. येणारच. त्यांचं सगळं बालपण कवड्या टाकून पचिशी खेळण्यात गेलेलं. लुडो म्हणजे आपल्या पचिशीचंच इंग्रजी रूप, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत तयार झालेलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे आपलीच पोरगी, टोपी घालून माहेरी आली!"

टाळेबंदी उठली, शाळा सुरू झाल्या, मी पुन्हा सकाळच्या वर्गांना जाऊ लागले. पण नऊचा डाव सुटला नाही. चार वर्षं चाललेल्या डावाला आपोआप एक वळण पडतं. कोण कुणाची सोंगटी मारणार हे ठरलेलं, कुणाच्या कुठल्या चुकीवर हसायचं हे ठरलेलं. अर्ध्या वाक्यात एकमेकींना कळायचं. आम्हांला त्याचा केवढा अभिमान!

२०२४ च्या वैशाखात धाकट्या दिरांचं लग्न झालं. दीर बुटीबोरीला कारखान्यात. आठवड्याला पाळी बदलते, कधी रात्रपाळी. जाऊ दिग्रसकडच्या खेड्यातली, घरात पंधरा माणसांत वाढलेली. ती एकदम दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात जाऊन पडली. शेजारी कुलूप, समोर कुलूप, सगळेच कामावर. आम्ही मोठ्या कौतुकाने तिला म्हटलं, "रात्री नऊला तूपण ये हो खेळायला." पटावर सहा जणींची सोय असतेच. आम्हांला वाटलं, झालं आपलं कर्तव्य.

आता आमचं कर्तव्य कसं होतं ते ऐका. ती नवखी, बोट सावकाश चालायचं. वेळ संपला की तिची चाल निघून जायची. मग आम्ही हसायचो. पिंपरीच्या नणंदबाई म्हणायच्या, "अहो सूनबाई, पोळी लाटताय की सोंगटी?" त्यात वाईट काही नव्हतं, आम्ही एकमेकींनाही असंच बोलतो. पण आम्ही चार वर्षांच्या, ती चार दिवसांची. आमच्या गप्पा निघायच्या कुठल्या तरी मावशीच्या लग्नातल्या फजितीच्या. तिला ना मावशी माहीत, ना फजिती. एकदा तर खोलीचा क्रमांक तिला पाठवायचाच राहिला. तिचा निरोप आला तेव्हा आमचा अर्धा डाव झाला होता. आषाढात ती म्हणाली, "ताई, आज डोकं दुखतंय." दुसऱ्या दिवशीही दुखलं. तिसऱ्या दिवशी आम्ही विचारलंच नाही. खरं सांगू? डाव पुन्हा भराभर चालू लागला याचं आम्हांला बरंच वाटलं.

महालक्ष्म्यांना ती मानोऱ्याला आली. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे शंभर पानं. रात्री भांड्यांचा ढीग घेऊन आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो होतो. मी सहज विचारलं, "अगं, महालक्ष्म्यांना नवी साडी घेणार होतीस ना? नेसली नाहीस?" झालं, हातातली कढई ठेवून ती रडायलाच लागली. साडीचे म्हणून आणि घरखर्चातून वाचवून ठेवलेले ४,६०० रुपये तिने घालवले होते. दिरांना पत्ता नव्हता.

आमच्या डावातून निघाल्यावर तिने फोनवर दुसराच कुठलासा खेळ घेतला होता. तिथे अनोळखी माणसांशी डाव जुळतो. तिथे एक 'ताई' भेटली. बोलायला गोड. हिची चाल चुकली तर शिकवायची, उशीर झाला तर "सावकाश खेळ" म्हणायची, हिच्या बिऱ्हाडाची, स्वयंपाकाची चौकशी करायची. मग तिने हिला आपल्या व्हॉट्सॲपच्या कंपूत घेतलं. तिथे तीस-चाळीस जणी, रोज सकाळी नमस्कार, सणाला शुभेच्छा. महिनाभराने त्या 'ताई'ने एका पैशाच्या खेळाची लिंक पाठवली. पहिल्या दिवशी १०० रुपये लावले तर १८० आले. दुसऱ्या दिवशी २०० चे ३५०. मग १,०००. मग "अडकलेले पैसे सोडवायला आणखी थोडे भरा." मग तो कंपूच नाहीसा झाला, आणि ताईही.

माझ्या तोंडावर आलं होतं, "अगं, इतकी कशी गं तू भोळी?" सुदैवाने मी ते गिळलं. कारण त्याच वेळी ती म्हणाली, "ताई, ते लोक माझ्यासाठी थांबायचे हो. मी चुकले तरी हसायचे नाहीत."

मैत्रिणींनो, कढई तशीच राहिली. मला आमचे नऊचे डाव आठवले, आणि आमचं ते हसणंही.

त्याच रात्री आम्ही दोघींनी मिळून दिरांना सांगितलं. ते बिचारे क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "मला आधी सांगायचं ना गं." आम्ही १९३० ह्या क्रमांकावर फोन लावला. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर तक्रार करायचा हा देशभरचा क्रमांक आहे, तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. तक्रार नोंदली गेली, पण पैसे जाऊन बारा दिवस झाले होते. अशी रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तरच ती वाटेत अडवता येण्याची आशा असते. आमचे पैसे आले नाहीत. लाजेपायी गेलेले ते बारा दिवस फार महाग पडले.

सासूबाई ओसरीवर बसून सगळं ऐकत होत्या. आम्हांला वाटलं, आता सुनेवर तोंडसुख घेतील. त्या वळल्या आमच्याकडे! "पैशे गेले तं गेले. पन मले सांगा, पोरीले तुमी डावात काहून नाही टिकू देलं? मी म्हातारी चालली तुमाले, अन् थे नाही चालली? सा पडल्याबिगर सोंगटी घराबाह्यर निंगत नाही. तिले सा पडेपर्यंत थांबाले काय झालं होतं?"

ह्यावर बोलायला काय होतं? पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला जाताना आपण पोरांना बजावतो ना, "हात सोडू नको, हरवलास तर गोड बोलून खाऊ देणाऱ्याबरोबर जाऊ नको." पण त्यातलं पहिलं काम मोठ्यांचं असतं, हात धरायचं. तेच आम्ही विसरलो होतो.

मग आम्ही डाव नव्याने मांडला. आधी पंधरा दिवस मी आणि जाऊ, दोघीच. दुपारी तीन वाजता, माझी शाळा आटोपल्यावर. हसणारं तिसरं कुणी नाही. मग तिसऱ्या सासूबाई आल्या. तोवर भुलाबाईचे दिवस आले. आपल्या वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून खाऊ ओळखायला लावतात, ते तुम्हांला सांगायला नको. सासूबाईंनी फर्मान काढलं, महिनाभर डाव सुरू होण्याआधी फोनवर खाऊ ओळखायचा, आणि पहिला डबा धाकट्या सुनेचा. तिने फोनशी डबा धरून वाजवला. आम्ही चौघी मोठ्या हुशार! करंजी म्हणालो, चिवडा म्हणालो, फुटाणे, शेंगदाणे, चिंचोकेसुद्धा म्हणून झाले. निघाल्या गूळ लावलेल्या ज्वारीच्या लाह्या, तिच्या माहेरच्या पद्धतीच्या. त्या रात्री चौघींना हरवून ती इतकी खदखदून हसली की तिचा आवाज असा आहे हे आम्हांला पहिल्यांदाच कळलं.

ह्या सगळ्यातून मला जे सुचलं ते तुमच्यापुढे ठेवते.

ज्यांचा डाव आधीच जमलेला आहे त्यांच्यासाठी:

१. नुसतं "ये हो खेळायला" म्हणणं म्हणजे आमंत्रण नव्हे. एकीने नव्या गड्याची जबाबदारी नाव घेऊन उचलावी. हळदीकुंकवाला नवी सून आली की आपण तिला शेजारी बसवून घेतो, तसं.

२. पहिले आठ दिवस दोघींचाच डाव ठेवा. एकाच घरात असाल तर एकाच फोनवर आळीपाळीने खेळायची सोय लुडोत असते. फोन मध्ये ठेवायचा आणि तोंडाने सांगत जायचं.

३. कच्च्या लिंबाचा नियम बोलून ठरवा. पहिला आठवडा तिची सोंगटी मारायची नाही, वेळ गेला तर पुन्हा खोली उघडायची. मात्र ही सवलत किती दिवस हेही आधीच सांगा. कायमचं कच्चं लिंबू राहायला कुणालाच आवडत नाही.

४. वेळ ठरलेली ठेवा आणि क्रमांक सगळ्यांना एकाच वेळी पाठवा. ज्याला क्रमांक उशिरा येतो त्याला आपली जागा कळते.

५. नव्या गड्याला एखादं काम द्या. खोली उघडायचं काम आमच्याकडे आता जाऊच करते. ज्याच्या हाती किल्ली, तो पाहुणा राहत नाही.

६. एखादी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करा. डोकं रोज दुखत नसतं.

आता ज्या नव्याने खेळू लागल्या आहेत आणि ज्यांना सोबत नाही, त्यांच्यासाठी:

१. आधी यंत्राशी खेळा. संगणकाबरोबर डाव मांडायची सोय बहुतेक खेळांत असते. तो हसत नाही, घाई करत नाही. हात बसला की माणसांत जा.

२. सोबत आधी ओळखीत शोधा. शाळेच्या मैत्रिणी, भिशीच्या बाया, बचतगट, माहेरची चुलत-मावस भावंडं. "मला लुडो येऊ लागलंय, रात्री अर्धा तास खेळणार का?" एवढं विचारायला संकोच करू नका. मी विचारलं तर आमच्या भिशीतल्या तिघी आधीच खेळत होत्या, एकमेकींपासून लपवून!

३. पहिल्याच दिवशी सांगा, "मी नवीन आहे, थोडं थांबावं लागेल." हे ऐकून जी मंडळी थांबत नाहीत, ती आपली नव्हेत.

४. अनोळखी गड्याशी डाव खेळायला हरकत नाही, पण डाव पटावरच संपवा. गाव, नवऱ्याची पाळी, घरी कोण असतं, फोटो, फोन क्रमांक ह्यातलं काही द्यायचं नाही. खेळातलं नावही खरं नको.

५. खेळातली ओळख व्हॉट्सॲपवर चला म्हणाली, लिंक पाठवली किंवा पैशाचं नाव काढलं, की तिथेच थांबा. ती कितीही गोड असो.

६. ताटातलं निवत ठेवून खेळायचं नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. आमच्याकडे साडेनऊला सासूबाई दिवा मालवतात, पुढे कुणाची सोंगटी कुठे राहिली ते देव जाणे.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण पुष्कळ जणींना माहीत नसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायचे खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला मनाई केली आहे, मग खेळ नशिबाचा असो की बुद्धीचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या करमणुकीचे खेळ आणि खेळाच्या रीतसर स्पर्धा यांना मोकळीक आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अशा खेळात फसलेल्या माणसाला हा कायदा शिक्षा करत नाही. तेव्हा एखादी फसली असेल तर तिने तोंड लपवू नये, आणि आपण तिच्याकडे बोट दाखवू नये.

घरातल्या मुलांनाही हेच लागू. माझा मुलगा तेरा वर्षांचा. त्याच्या मित्रांत बीजीएमआय नावाच्या लढाईच्या खेळाचं वेड. त्यात चौघांची तुकडी असते, आणि आपले चौघे जमले नाहीत तर खेळ अनोळखी गडी जोडून देतो. मुलगा कुणाशी बोलतो, हे कानाला यंत्र लावलेलं असलं की आपल्याला कळतही नाही. आम्ही घरात ठरवलं, ओळखीचे चौघे असतील तरच आवाज सुरू, नाहीतर बंद. आणि खेळायचं ते ओसरीवर बसून. एकदा मी त्याला विचारलं, "तुमच्यात नवीन कोणी आला तर काय करता?" म्हणाला, "त्याला नूब म्हणून चिडवतो." म्हणजे आई तशी लेकरं! मग त्याला महालक्ष्म्यांच्या रात्रीची सगळी गोष्ट सांगितली. आता त्याच्या तुकडीत एक नवा मुलगा आहे. पहिले काही दिवस त्याला कुणी पुढे पाठवायचं नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

शेवटी आमच्या शाळेतल्या मुलींची गोष्ट सांगायलाच हवी. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अवघी १९ वर्षांची पोर, अंतिम फेरीत कोनेरू हंपीसारख्या दिग्गज खेळाडूला हरवून ग्रँडमास्टर झाली. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या मुली मला म्हणाल्या, "बाई, आम्हांलाही शिकवा ना!" मला येतं ते घोडा अडीच घरं जातो इतकंच. पण एक गोष्ट मला माहीत होती. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरने जिंकली. पुढे तिच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनी ते अजिंक्यपद अनेकदा घरात ठेवलं, आणि १९८१ साली रोहिणी आशियाची विजेती झाली. गुण तर होतेच, पण तिघी बहिणींना खेळायला गडी घरातच होता, हे विसरू नका. आमच्या मुलींना तो कुठून आणायचा?

तेव्हा लिचेस नावाचं संकेतस्थळ उपयोगी पडलं. ते २०१० पासून आहे, देणग्यांवर चालतं, एक पैसा घेत नाही आणि जाहिरातीही दाखवत नाही. लहान मुलांसाठी त्यात एक सोय आहे, ती सुरू केली की गप्पा, निरोप सगळं बंद, उरतो फक्त पट. आम्ही आठ मुलींचा एक संघ केला. दर रविवारी चार ते पाच, आईच्या फोनवर, आईच्या समोर. संघापुरती छोटी स्पर्धा ठेवता येते. त्यात एक डाव संपला की लगेच दुसरी जोडी लागते, हरली म्हणून कुणी बाहेर बसत नाही. नवख्या मुलीला ह्याहून चांगलं काय हवं?

त्यातली एक मुलगी तांड्यावरची. तिथे फोनला रेंज कधी येते, कधी जाते, तिचा डाव मध्येच तुटायचा. मुलींनीच तोड काढली. लिचेसवर एका चालीला एक-दोन दिवस घेता येतील असाही डाव मांडता येतो. ती शाळेतून जाताना टेकडीवर रेंज मिळेल तिथे आईसोबत थांबते, एक चाल करते आणि घरी जाते. एक डाव महिना महिना चालतो. दुसरीकडची मुलगी रोज सकाळी वर्गात विचारते, "काल कुठं हलवलास गं उंट?" त्या दोघींची आता पटाबाहेरही जोडी जमली आहे. मी सांगते, ह्या वर्षी माझ्या इतिहासाच्या तासापेक्षा ह्या एका डावाने मुलींना जास्त शिकवलं.

आमची जाऊ कशी आहे, असं विचाराल. तिने बुटीबोरीत तिच्या चाळीतल्या कामावरून येणाऱ्या दोन मुली शोधल्या, दोघीही नव्या, दोघींनाही कुणी ओळखीचं नाही. शनिवारी रात्री तिघी मिळून, फोन मध्ये ठेवून, खरा डाव खेळतात, आणि नऊ वाजता आमच्या पटावर येतात. परवा तिने माझ्या तीन सोंगट्या एकापाठोपाठ मारल्या. मी म्हटलं, "अगं, मोठ्या जावेला तरी सोड!" तर म्हणते कशी, "ताई, तुम्ही काय आता कच्चं लिंबू आहात का?"

तर मैत्रिणींनो, आज रात्री फोन हातात घ्याल तेव्हा एक करा. तुमच्या घरातल्या, आळीतल्या, नात्यातल्या एखाद्या नव्या किंवा एकट्या बाईची आठवण काढा आणि तिला खोलीचा क्रमांक पाठवा. तिला सा पडायला वेळ लागेल. थांबा थोडं.

आणि हो, तुमच्या डावात नव्या गड्यासाठी तुम्ही काय नियम केला, ते मला जरूर कळवा. भुलाबाईच्या डब्यात काय होतं तेही लिहा, ओळखायचा प्रयत्न करीन म्हणते!